प्राचीन हिब्रू श्रद्धांचं आपल्या रोजच्या जगण्यात आज काय उरलंय? वाचनमंडळासाठी मदत हवी

रामबागवाली, इंदूर

नमस्कार मंडळी. आमच्या रामबागेतल्या वाचनमंडळात दर महिन्याला एकाने वीस मिनिटं बोलायचं असतं. येत्या बैठकीला माझी पाळी आहे आणि विषय मीच मागून घेतलाय: प्राचीन हिब्रू लोकांच्या धर्मश्रद्धांचा मानवी संस्कृतीवर झालेला परिणाम.

तयारीला बसले तर जिथे तिथे तेच वाचायला मिळतं. एकेश्वरवाद दिला, दहा आज्ञा दिल्या, पुढे त्यातून ख्रिस्ती धर्म आणि इस्लाम आले. ह्यात चूक काहीच नाही. पण आमचे श्रोते म्हणजे निवृत्त प्राध्यापक, संस्कृतच्या दोन शिक्षिका, बँकेतली मंडळी. "एकं सद्विप्रा बहुधा वदन्ति" हे ऋग्वेदात आहेच, मग ह्यांनी नवीन काय सांगितलं, हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येणार. आणि तो रास्तच आहे.

मला अशी एखादी गोष्ट हवी आहे जी इंदूरच्या माणसाच्या अंगवळणी पडलेली आहे, आणि जिचा माग काढत गेलं तर वाट खरोखर त्या लोकांच्या दारापर्यंत जाते. ओढूनताणून जोडलेलं नको. असं काही कुणाला सुचतंय का?

मिलचा भोंगा, परदेशीपुरा, इंदूर

ताई, अशी गोष्ट आहे. आठवड्याची सुट्टी.

सुट्टी म्हटल्यावर कुणाला धर्म आठवत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. माझी सगळी नोकरी इथल्या एका कापड मिलच्या टाईम ऑफिसात गेली. वडील त्याच मिलमध्ये साचेखात्यात होते. हजेरीचं मस्टर, पाळ्या, खाडे, रजा, बदलीवाले, हे माझं काम. सुट्टी मुळात कुठून आली हा प्रश्न मला तिथेच पडला आणि मग मी त्याच्या मागे लागलो.

आधी एक गोष्ट बाजूला काढू, म्हणजे तुमच्या संस्कृतच्या बाई तुम्हाला अडवणार नाहीत. वारांची नावं हिब्रूंची नव्हेत. रवी, सोम, मंगळ हा सात ग्रहांचा हिशेब बॅबिलोनी आणि ग्रीक ज्योतिषातला, आणि तो ज्योतिषाबरोबरच आपल्याकडे रुजला. बॅबिलोनमध्ये महिन्यातले काही ठरावीक दिवस अशुभ धरत आणि त्या दिवशी राजाने काय करू नये ह्याचे नियम होते. हिब्रूंचा सातवा दिवस वेगळा आहे. तो चंद्राच्या तिथीला बांधलेला नाही, अशुभ तर मुळीच नाही, आणि त्याचा नियम राजाच्या आधी गड्याला लागू आहे.

बायबलच्या जुन्या करारात 'अनुवाद' नावाचं पुस्तक आहे. त्याचा पाचवा अध्याय उघडून वाचा. सहा दिवस काम कर, सातव्या दिवशी कुणीही काम करायचं नाही. आणि कुणीही म्हणजे कोण, ह्याची यादीच दिली आहे: तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझं गाढव, बाकीची जनावरं, आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका माणूस. ज्याने आयुष्यभर मस्टर सांभाळलं तो ही यादी वाचून चमकतो. कारण लिहिणाऱ्याला सगळ्या पळवाटा माहीत आहेत. मालक स्वतः घरी बसेल आणि पोराला शेतावर पाठवील. पोराला बसवील आणि गड्याला जुंपेल. घरच्या गड्याला सोडील आणि परगावच्या मजुराला बोलावील. माणसं सगळी बसली तरी बैल फिरवील. एकेका पळवाटेचं नाव घेऊन ती बंद केली आहे.

आता कारण बघा. हीच आज्ञा 'निर्गम' पुस्तकात येते तेव्हा तिथे सांगितलंय की देवाने सहा दिवसांत जग घडवलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून. 'अनुवादा'त कारण बदलतं. तू मिसर देशात (इजिप्तमध्ये) दास होतास हे आठव, म्हणून तुझ्या दासदासींना तुझ्यासारखाच विसावा मिळू दे. ताई, तुमच्या वीस मिनिटांतली दहा ह्या एका वाक्याला द्या. जगातली राजघराणी आपली कुळं सूर्यापासून नाहीतर चंद्रापासून मोजतात. ह्या लोकांनी आपल्या कुळकथेच्या पहिल्या पानावर गुलामी लिहून ठेवली, आणि वल्हांडणाच्या, म्हणजे त्या सुटकेच्या सणाच्या, रात्री घरातल्या लहान पोराला प्रश्न विचारायला लावून ती दर वर्षी पुन्हा सांगितली. आजही सांगतात.

ऋग्वेदाच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच राहील. देव एक की अनेक ह्या मोजणीपेक्षा तो देव माणसाकडे मागतो काय, ते पाहा. खळ्यावर मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नकोस. शेताच्या कडेपर्यंत कापणी करू नकोस, ती कड गरिबाला आणि परक्याला राहू दे. मजुराची मजुरी दिवस मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात अडकलाय. हे सगळं देवाच्या पूजेच्या नियमांच्या शेजारी, त्याच ओळीत, त्याच आवाजात लिहिलेलं आहे.

रोमन लोकांना ह्याचा राग यायचा. त्यांचा तत्त्वज्ञ सेनेका, त्याची तक्रार होती की हे ज्यू लोक आयुष्याचा जवळपास सातवा भाग रिकामे बसून घालवतात.

तिथून इंदूरपर्यंतचा रस्ता असा. येशूचे पहिले अनुयायी ज्यूच होते. पुढे ख्रिस्ती मंडळींनी रविवार धरला. ३२१ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने रविवारची सुट्टी जाहीर केली, पण शेतकऱ्यांना मोकळं सोडलं, पीक खोळंबू नये म्हणून. ही सूट मला फार बोचते, कारण 'निर्गमा'त नांगरणी आणि कापणीच्या दिवसांतही विसावा घे असं स्वच्छ लिहिलंय. मग इंग्रजांच्या कचेऱ्यांबरोबर रविवार मुंबईत आला, तो साहेबलोकांपुरता. गिरणीतल्या माणसाला दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, आणि यंत्रं थांबली की ती पुसायला तोच हजर.

हे बदललं नारायण मेघाजी लोखंड्यांनी. जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ पासून त्यांनी रविवारची मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले, स्त्री कामगारही बोलल्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. आणि लोखंड्यांचा मुद्दा काय होता? रविवार हा आमच्या खंडोबाचा वार आहे.

आता आपल्या शहराकडे या. होळकरांचं कुलदैवत मल्हारी मार्तंड, म्हणजे तोच खंडोबा. राजवाड्यात त्याचं देऊळ आहे, तुमच्या रामबागेपासून चालत जाण्यासारखं. ज्या सिनाय डोंगरावर मोशेला ह्या आज्ञा मिळाल्या असं ते लोक मानतात, तिथून निघालेला हक्क मराठी मजुराच्या हातात पडला तो जेजुरीच्या देवाच्या हातून. मला ह्यात कुठलाही विरोध दिसत नाही. माणसाला विसावा मिळावा म्हणून दोन देव एका वारावर भेटले, असं मी मानतो.

पुढचं थोडक्यात. १९२१ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने ठराव केला की दर सात दिवसांत सलग चोवीस तास विश्रांती हवीच. भारताने तो १९२३ मध्ये स्वीकारला. १९४८ च्या कारखाना कायद्यात तो कलम ५२ म्हणून बसला. २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता येईपर्यंत तो कायदा चालला. त्यात आठवडा कसा मोजत ठाऊक आहे? शनिवारच्या मध्यरात्रीपासून सुरू होणारे सात दिवस. रविवारी काम करवून घेतलं तर मागच्या किंवा पुढच्या तीन दिवसांत बदली सुट्टी द्यावी लागे, आणि काही झालं तरी दहा दिवसांपेक्षा जास्त सलग काम चालत नसे.

आमच्या मिलमध्ये बॉयलरवर एक फायरमन होता. रविवारी मिल बंद, म्हणजे बॉयलर साफ करायचा दिवस, म्हणजे ह्याला काम हमखास. बदली सुट्टी कागदावर पडायची आणि ऐन वेळी कुणीतरी ती खोडायचं. तो माझ्या खिडकीशी यायचा आणि एवढंच विचारायचा, "बाबूजी, माझा वार कोणता?" मागणीचा सूर नसायचा त्यात. जणू प्रत्येक माणसाचा एक वार असतोच आणि त्याचा तेवढा कुठेतरी ठेवून विसरला गेलाय. मी मस्टर उघडून खोडलेली तारीख तांबड्या शाईने पुन्हा लिहायचो आणि खाली सही करायचो. त्या सहीमागे मोशेपासून लोखंड्यांपर्यंत केवढी माणसं उभी आहेत, हे मला वाचताना पुढे कळत गेलं.

जुनी वीट, ग्वाल्हेर

भोंगाकाका, तुमचं लिहिणं मनापासून आवडलं. मी पुरातत्त्वाचा विद्यार्थी, तेव्हा ताईंच्या व्याख्यानात कुणी खोडा घालू नये म्हणून चार गोष्टी जोडतो.

पहिली म्हणजे मिसरमधून सुटका झाल्याचा थेट पुरावा उत्खननात मिळालेला नाही. इस्राएल हे नाव प्रथम सापडतं ते मिसरचा राजा (फारो) मर्नेप्ताह ह्याच्या शिलालेखात, इ.स.पू. १२०८ च्या सुमाराचं, आणि तिथे ते लोक कनानमध्येच, म्हणजे आजच्या इस्राएल-पॅलेस्टाइनच्या भागातच, आहेत. म्हणून "असं घडलं" म्हणू नका, "असं ते स्मरतात" म्हणा.

दुसरी, हे लोक पोकळीत राहत नव्हते. 'निर्गमा'त मारक्या बैलाचा कायदा आहे, बैलाने माणसाला भोसकलं तर मालकाचं काय करायचं. तसाच कायदा त्याआधी कित्येक शतकं बॅबिलोनचा राजा हम्मुराबी ह्याच्या शिळेवर कोरलेला आहे. नोहाच्या प्रलयाची कथा १८७२ साली जॉर्ज स्मिथने ब्रिटिश म्युझियममधल्या मातीच्या पाटीवर, मेसोपोटेमियातल्या गिल्गमेश राजाच्या कथेत वाचली आणि इंग्लंडात खळबळ उडाली. सैतान, अंतिम न्याय, मेलेल्यांचं उठणं ह्या कल्पना ज्यूंचा बॅबिलोनमधला बंदिवास संपून इराणी राजवट आल्यानंतर ठळक होत गेल्या, आणि त्यात झरथुष्ट्री (पारशी) विचारांचा वाटा असावा असं बरेच अभ्यासक मानतात.

तिसरी गोष्ट बोलायला जड आहे पण टाळू नका. त्याच ग्रंथात परदेशी दास विकत घेऊन वारशाने मुलांना देता येतील असंही आहे, 'लेवीय' पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात. कनानी गावं समूळ कापून काढण्याच्या आज्ञाही आहेत. अमेरिकेतले गुलामांचे मालक बायबलचेच दाखले देत होते.

आणि चौथी, आपल्याकडे बैलाचा विसावा नवा नाही. पोळा आहे. अमावस्येला औत न धरणारी गावं आहेत.

मिलचा भोंगा, परदेशीपुरा, इंदूर

वीटराव, चारही मुद्दे घ्यायलाच हवेत. तिसरा तर ताईंनी स्वतःहून सांगावा, कुणी विचारायची वाट बघू नये.

पण हम्मुराबी काढलात ते बरं केलंत, कारण दोन्ही कायदे शेजारी ठेवले की माझं म्हणणं उघडं होतं. हम्मुराबीच्या कायद्यात कुणी दुसऱ्याच्या गुलामाचा डोळा फोडला तर त्याच्या किमतीची अर्धी रक्कम भरायची. भरपाई गुलामाला नाही, मालकाला, कारण माल त्याचा बिघडला. 'निर्गमा'च्या एकविसाव्या अध्यायात मालकाने आपल्याच दासाचा डोळा फोडला तर त्या डोळ्याबद्दल दास मोकळा. दात पाडला तरी मोकळा. पळून आलेल्या गुलामाला घरात लपवलं तर हम्मुराबी मृत्युदंड देतो. 'अनुवाद' म्हणतो, पळून आलेल्या दासाला मालकाच्या हवाली करू नकोस, त्याला आवडेल त्या गावात राहू दे, त्याला त्रास देऊ नकोस. भाषा, साचा, बैलाचा दाखला शेजाऱ्यांकडून घेतला असेल. ह्या दोन कलमांत मात्र कायद्याने आपली जागा बदलली आहे. तो मालकाच्या ओट्यावरून उठून पळणाऱ्याच्या बाजूला येऊन बसलाय.

आणि गुलामांच्या मालकांना हे चांगलं कळत होतं. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी एक खास बायबल छापलं. त्यात मिसरमधून सुटकेची कथाच गाळली होती. जो भाग कापावासा वाटला, त्यात काय दारू भरलेली होती हे कापणाऱ्यांनीच दाखवून दिलं. गुलामांनी तरी ती कथा मिळवलीच. अमेरिकेत कित्येकांना गुलामीतून पळवून नेणाऱ्या हॅरिएट टबमनला तिचे लोक 'मोशे' म्हणत, मिसरमधून लोकांना बाहेर काढणाऱ्या पुढाऱ्याच्या नावाने.

पोळ्याबद्दल पूर्ण सहमत. माझं आजोळ खानदेशातलं, पोळ्याला बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळताना मी पाहिलंय. तो जिव्हाळा खरा आहे. फरक एवढाच की पोळा वर्षातून एकदा येतो आणि तो सण आहे, तर शब्बाथ, म्हणजे हा सातवा दिवस, दर आठवड्याला येतो आणि तो कायदा आहे.

हा सातवा दिवस किती खोल गेलाय त्याचे दोन दाखले देतो. फ्रेंच क्रांतिकारकांनी १७९३ मध्ये दहा दिवसांचा आठवडा आणला, विसावा दहाव्या दिवशी. १ जानेवारी १८०६ पासून जुनं कॅलेंडर परत आणावं लागलं. सोव्हिएत रशियाने १९२९ मध्ये पाच दिवसांचं चक्र काढलं, कामगारांचे रंगांप्रमाणे गट पाडले, प्रत्येक गटाची सुट्टी निराळ्या दिवशी, म्हणजे यंत्र कधीच थांबायला नको. नवऱ्याचा रंग एक, बायकोचा दुसरा. घरं एकत्र जेवेनाशी झाली. मग सहा दिवसांचं करून पाहिलं, आणि १९४० मध्ये मुकाट्याने सात दिवसांवर आले. मी पाळ्या लावलेला माणूस आहे, हे वाचून अंगावर काटा आला.

रेवदंडा माहेर, सुदामा नगर, इंदूर

मला इतिहासातलं फार कळत नाही, पण ह्या विषयात आमच्या कोकणाचं नाव कुणी घेतलं नाही म्हणून लिहिते. अलिबाग, नागाव, रेवदंडा ह्या पट्ट्यात बेने इस्राएल लोक पिढ्यान्‌पिढ्या राहिले. घाण्यावर तेल काढायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. आडनावं आपल्यासारखीच गावावरून, बोली आपलीच मराठी, बायका नऊवारी नेसत.

त्यांची परंपरा सांगते की जहाज फुटून त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले आणि ग्रंथ समुद्रात गेले. कधीची गोष्ट ते नक्की नाही. पण पुढे शतकानुशतकं त्यांच्याजवळ पोथी नव्हती, पुरोहित नव्हता. काय राहिलं? शनिवार राहिला, मुलांची सुंता राहिली, खाण्यापिण्याचे नियम राहिले आणि "इस्राएला ऐक, आपला देव एकच आहे" ही प्रार्थना राहिली. भोंगाकाकांचा मुद्दा ह्यात मला फार जवळून दिसतो. सगळं हरवल्यावर माणसांनी जी मूठभर वस्तू धरून ठेवली, तिच्यात विसाव्याचा दिवस होता. आणि तो पाळायला पैसा लागत होता बरं का. तेल्याने शनिवारी घाणा थांबवायचा म्हणजे एका दिवसाची कमाई सोडायची.

माहेरी शेजारी त्यांचं एक घर होतं. नवस फेडायचा असला की एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा करत. पोहे भिजवून त्यात गूळ, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा, भोवती फळं मांडलेली. आधी प्रार्थना, मग ताटली आमच्याकडे यायची. हा एलियाहू म्हणजे बायबलमधला संदेष्टा एलीया. अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे, त्यावर त्याच्या रथाच्या खुणा उमटल्या आहेत असं ते मानतात. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग (प्रार्थनामंदिर) १७९६ मधलं. १९४८ नंतर बहुतेक मंडळी इस्राएलला गेली, तिथेही मराठी बोलतात, 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं. ताई, मंडळाच्या दिवशी तुम्ही म्हणालात तर मी मलिदा करून आणीन. पोहे इंदूरचेच वापरीन.

शाळामास्तर, वडोदरा

एक छोटी भर, शिक्षणाची. इ.स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं. रोममधल्या टायटसच्या कमानीवर लुटलेला सात फांद्यांचा दिवा कोरलेला आजही दिसतो. मंदिर गेलं, बळी गेले, पुरोहितांचं काम संपलं. तो धर्म तरला कारण ग्रंथ वाचणं हीच उपासना झाली, आणि वाचायचं तर प्रत्येक पोराला अक्षर यायला हवं. तालमुद म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या चर्चांचा जुना संग्रह. त्यात नोंद आहे की मंदिर असतानाच्या काळातल्या यहोशुआ बेन गमला ह्या महायाजकाने गावोगाव शिक्षक नेमायला लावले, मुलं सहा-सात वर्षांची झाली की शाळेत. पंचवीस मुलांना एक शिक्षक, चाळीस झाली तर मदतनीस, पन्नास झाली तर दुसरा शिक्षक.

आमच्या सयाजीराव महाराजांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ ला अमरेलीत सुरू केलं आणि १९०६ ला साऱ्या बडोदा संस्थानात नेलं. ह्या दोहोंत धागा आहे असं मी म्हणत नाही. मी शाळेत जन्म घालवलाय, आणि पंचवीस मुलांचा तो आकडा वाचून माझा जीव भरून आला.

रामबागवाली, इंदूर

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू! मलिद्याला तर आत्ताच हो म्हणते. भोंगाकाका, तुम्ही बैठकीला याच, फायरमनची गोष्ट तुमच्या तोंडून ऐकवायची आहे.

एक शंका राहिली. गडी, बैल, परका झाले. राजाचं काय? मंडळातले एक वकील नक्की विचारतील की कायदा राजाच्याही वर आहे हा विचार ह्यांच्याकडे होता का.

जुनी वीट, ग्वाल्हेर

होता, आणि तो गोष्टींतून सांगितलाय. दावीद राजाने उरिया नावाच्या आपल्या शिपायाची बायको घेतली आणि उरियाला लढाईत पुढे ठेवून मारवलं. नाथान संदेष्टा दरबारात येऊन एका गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगतो. राजा संतापून म्हणतो, असं करणारा मेलाच पाहिजे. नाथान म्हणतो, तो माणूस तूच. राजाच्या स्वतःच्या वंशाची कीर्ती सांगणाऱ्या ग्रंथात हे जसंच्या तसं ठेवलंय.

दुसरी अहाब राजाची. त्याला वाड्याशेजारचा नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांची जमीन आहे, देणार नाही. राणीने खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडांनी ठेचून मारवलं. राजा मळ्याचा ताबा घ्यायला उतरतो तेव्हा तिथे एलीया उभा असतो आणि विचारतो, खून करून वर ताबाही घेतलास का? जमीन संपादनाचे खटले लढवणाऱ्या तुमच्या वकिलांना ही गोष्ट आवडेल. आणि इ.स.पू. आठव्या शतकात आमोस नावाचा मेंढपाळ ओरडून गेला की तुम्ही गरिबाला जोड्याच्या एका जोडापायी विकता, तुमची भजनं बंद करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. १९६३ साली वॉशिंग्टनच्या सभेत मार्टिन ल्यूथर किंग हेच वाक्य बोलले.

दुचाकी, पाटनीपुरा, इंदूर

ऑर्डरची वाट बघत सगळं वाचलं. मी घरपोच जेवण पोचवायचं काम करतो. रविवारी सगळ्यात जास्त ऑर्डर, रविवारी बंद ठेवलं तर आठवड्याचा बोनस जातो. कंपनी म्हणते तुम्ही आमचे कामगार नाही, भागीदार आहात. काका, तुमचं ते कलम ५२ मला लागू आहे का?

मिलचा भोंगा, परदेशीपुरा, इंदूर

बेटा, नाही. ते कारखान्यातल्या कामगारासाठी होतं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार म्हणून तुझं नाव कायद्यात आलं, पण आठवड्याच्या सुट्टीचा हक्क त्या नावाबरोबर आलेला नाही. सुट्टी घ्यायला तुला कुणी अडवत नाही असं ते म्हणतील, आणि ती घेतलीस तर बोनस कापतील. तेल्याला निदान आपला घाणा स्वतः थांबवता येत होता.

म्हणून 'अनुवादा'तल्या यादीतलं शेवटचं नाव मला सगळ्यात मोलाचं वाटतं. दास मालकाचा होता, बैल मालकाचा होता. वेशीच्या आतला परका कुणाचाच नव्हता, त्याच्या नावाने कुठलं मस्टर नव्हतं, तरी त्याला मोजलंय. तो आपला माणूस आहे की नाही हा प्रश्न त्या कायद्याने विचारलाच नाही. तुझ्या वेशीच्या आत राहतो ना, मग त्यालाही विसावा. ताई, हे व्याख्यानात जरूर घ्या, आणि ह्या पोराच्या कामाचा दाखला द्या.

आणि तू एक कर. एक साधी वही घाल. रोज किती वाजता लॉगिन केलंस, किती वाजता बंद केलंस, किती ऑर्डर, किती पैसे, आणि सलग कितवा दिवस, तारीख घालून लिही. बोनस कापला गेला तर त्या स्क्रीनचा फोटो ठेव. तुझ्यासोबतच्या पोरांनाही सांग. लोखंड्यांनी १८८४ मध्ये सरकारच्या फॅक्टरी कमिशनकडे अर्ज केला तेव्हा त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. वहीचा नमुना मी आखून देतो, रविवारी सकाळी माझ्याकडे ये. रविवार जमत नसेल तर तुला जमेल तो वार सांग.